पदरची वाक्यं

गेल्या नोव्हेंबरात एका शिळ्या पावाने आमच्या नाटकाचा एक प्रयोग गाजवला, दुसरा कसाबसा सांभाळला आणि तिसरा पाडला. पाव तोच नव्हता अर्थात. पण गोष्ट तीच.

मी लाइपझिगमध्ये एका हौशी मंडळीत प्रॉम्प्टर आहे. दिवसा हिशेबाची सॉफ्टवेअरं सांभाळते आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी विंगेत स्टुलावर बसते. मांडीवर संहिता, हातात पेन्सिलीएवढा दिवा, बोट चालू ओळीवर. जर्मन ही माझी मातृभाषा नाही, आणि हे काम मला त्याचसाठी मिळालं. दिग्दर्शिकाबाईंनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं, "आमच्यातलं कोणी बसलं की वाक्य मनाने सुधारून सांगतं. तू छापलंय तेच सांगशील." याला कौतुक म्हणावं का, हे मी त्यांना विचारलं नाही.

नाटक अठराव्या शतकातल्या इटालियन नाटककार गोल्दोनीचं होतं, दोन मालकांकडे एकाच वेळी चाकरी करणाऱ्या त्रुफाल्दिनो नावाच्या नोकराचं. आमचा त्रुफाल्दिनो दिवसा इलेक्ट्रिशियन आहे, बोलायला भिडस्त, पण रंगमंचावर गेला की अंगात वारं शिरतं. दुसऱ्याचं पत्र चुकून फोडलंय आणि आता ते परत चिकटवायचंय, असा एक प्रवेश आहे. त्रुफाल्दिनो पाव चावून त्याचा चिकट गोळा करायला बघतो. पण दिवसभराचा उपाशी, त्यामुळे चावलेला घास आपोआप पोटात जातो. पुन्हा तुकडा तोडायचा, पुन्हा चावायचं, पुन्हा गिळायचं. इटालियन नट असल्या हमखास हशाच्या युक्तीला 'लाझो' म्हणत.

पहिल्या प्रयोगाला पाव कोणी आणला होता देव जाणे, पण तो दगड होता. इलेक्ट्रिशियनने दात रोवले, काहीच झालं नाही. त्याने पाव टेबलावर आपटला. ठक्क असा आवाज झाला. प्रेक्षागृहात कोणीतरी फिसकन हसलं. मी पुढचं वाक्य कुजबुजले. त्याने माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तो सरळ पुढे आला, पहिल्या रांगेतल्या एका आजींसमोर वाकला आणि अत्यंत अदबीने म्हणाला, "बाईसाहेब, तुमचे दात तुमचेच दिसताहेत. जरा चावून देता का?"

आजींनी पाव घेतला, दोन्ही हातांनी धरून कडकन एक तुकडा तोडला आणि शांतपणे त्याच्या तळहातावर ठेवला. मग म्हणाल्या, "माझे नाहीत. पण चांगले आहेत."

मी पाच वर्षं विंगेत बसतेय, असा हशा ऐकला नाही. माझं बोट मात्र अजून त्याच ओळीवर होतं. त्या दीड मिनिटात माझ्याइतकं निरुपयोगी माणूस त्या इमारतीत दुसरं नव्हतं.

मराठी रंगभूमीवर याला "ॲडिशन घेतली" म्हणतात. जुनी माणसं म्हणायची, "पदरचं घातलं." मला हा दुसरा शब्दप्रयोग जास्त आवडतो, कारण त्यात नटाच्या गाठीशी स्वतःचं काहीतरी असल्याचं गृहीत धरलंय. जर्मनमध्ये क्रियापद आहे 'एक्स्टेम्पोरीरन'. अठराव्या शतकात व्हिएन्नात हा शब्द पोलिसी भाषेत गेला. तिथपर्यंत येईन, पण आधी लाइपझिगचं.

त्या रात्री घरी जाताना औगुस्टुसप्लाट्झला ट्राम बदलायला उतरले. एका बाजूला ऑपेरा, समोर गेवांडहाउसचं संगीतगृह, मधे रूळ आणि वारा. साधारण इथेच शहराची जुनी ग्रिमा वेस होती. वेशीबाहेर बोझे नावाच्या श्रीमंत घराण्याची बाग होती, आणि बागेजवळच्या एका तात्पुरत्या मांडवात १७३७ च्या ऑक्टोबरात कारोलीने नॉयबर या नटी-मालकिणीने आपल्या रंगमंचावरून विदूषकाला समारंभपूर्वक हाकलून दिलं. त्याचा पुतळा जाळला असंही काही जण सांगतात. तपशिलांबद्दल अभ्यासकांचं एकमत नाही, हकालपट्टीबद्दल आहे.

हाकलला तो हार्लेकिन, म्हणजे इटालियन नाटकातला ठिगळांच्या अंगरख्याचा नोकर-विदूषक, आणि त्याचा देशी भाऊ हान्सवुर्स्ट. 'वुर्स्ट' म्हणजे सॉसेज. प्रत्येक देशाने आपल्या विदूषकाला आवडत्या पदार्थाचं नाव दिलंय, हे इंग्रज निबंधकार ॲडिसनने १७११ मध्येच टिपून ठेवलं होतं. डच लोकांचा खारवलेला हेरिंग मासा, फ्रेंचांचं सूप, इटालियनांची मॅकरोनी, इंग्रजांचं पुडिंग. आपल्या संस्कृत नाटकातल्या विदूषकाला मोदकाचं नाव दिलं नाही कोणी, पण लक्ष त्याचंही तिकडेच. हान्सवुर्स्टला मराठीत काय म्हणावं यावर मी बरीच डोकेफोड केली आहे. विदूषक म्हटलं की तो राजाचा मित्र होतो, ब्राह्मण होतो, सभ्य होतो. जवळचा शब्द सोंगाड्याच. राजाच्या दरबारातही पोटाचं बोलणारा, मालकाच्या शोकात स्वतःची भूक घुसडणारा आणि समोर बसलेल्यांना थेट हाक मारणारा.

नॉयबरबाईंच्या मागे होते प्रोफेसर योहान क्रिस्टोफ गॉटशेड. माणूस प्रशियातला, क्योनिग्झबर्गजवळचा, आणि भलता उंच. इतका की राजाच्या धिप्पाड शिपायांच्या पलटणीत पकडून नेतील या भीतीने १७२४ मध्ये तो लाइपझिगला पळून आला. इथे तो काव्यशास्त्राचा हुकूमशहा झाला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: नाटक म्हणजे निसर्गाचं अनुकरण, आणि त्याला संभाव्यतेचे नियम आहेत. रंगीबेरंगी ठिगळांचा अंगरखा घालून कुठल्याही घरात घुसणारा हा प्राणी निसर्गात कुठे सापडतो? सापडत नाही. मग रंगमंचावर त्याचं काय काम?

हा युक्तिवाद मी विद्यार्थी असताना वाचला तेव्हा मला गॉटशेड निव्वळ मूर्ख वाटला होता. आता वाटत नाही. त्याला फिरत्या मंडळ्यांच्या हातून नाटक सोडवायचं होतं. जर्मन भाषेत फ्रेंचांच्या तोडीचं साहित्य व्हावं ही त्याची तळमळ खरी होती. पण साहित्य व्हायचं म्हणजे नाटक आधी लिहिलेलं हवं, आणि नटाने तेच बोलायला हवं. माझ्यासारखं माणूस विंगेत बसवण्याची कल्पना, एका अर्थी, त्याचीच.

नॉयबरबाईंचं कारण मात्र शास्त्रीय नसावं असा माझा संशय आहे. १७३३ मध्ये राजा वारला आणि सॅक्सनीत नाटकं करण्याचा अधिकृत परवाना त्यांच्या हातून गेला. मिळाला कोणाला? योझेफ फेर्डिनांड म्युलर या प्रतिस्पर्ध्याला. आणि म्युलरची ख्याती कशासाठी होती? हार्लेकिनच्या कामासाठी! चार वर्षांनी बाई हार्लेकिनला रंगमंचावरून हद्दपार करतात. सौंदर्यशास्त्राच्या पुस्तकांत हे प्रकरण नियमबद्ध नाटकाचा विजय म्हणून येतं. नाटकमंडळीत थोडे दिवस काढलेल्या कोणालाही त्यात आणखी एक ओळखीचा वास येईल.

नाटककार-समीक्षक लेसिंगला तो आला असावा. १७५९ मध्ये त्याने लिहिलं की ही हकालपट्टी म्हणजेच आजवर झालेली सर्वांत मोठी हार्लेकिनगिरी. आठ वर्षांनी हांबुर्गच्या आपल्या नाट्यलेखांत तो आणखी बारकाईने चिमटा काढतो. जर्मन रंगमंचांनी फक्त रंगीत अंगरखा आणि नाव टाकून दिलं, सोंगाड्या ठेवलाच. खुद्द नॉयबरबाई अशी कितीतरी नाटकं करत होत्या ज्यांत हार्लेकिनच मुख्य असे. त्याचं नाव तेवढं 'हान्सशेन' झालं होतं, म्हणजे आपला बाळू म्हणा, आणि तो ठिगळांऐवजी पांढऱ्याशुभ्र कपड्यांत यायचा. हा बाळू माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. काय त्याची अवस्था असेल, पांढऱ्या कपड्यांत!

पुढे बाईंचं आणि प्रोफेसरांचं फाटलं. १७४१ मध्ये त्यांनी गॉटशेडला 'दोष काढणारा' म्हणून रंगमंचावर उभा केला. चांदण्यांचा झगा, वटवाघळाचे पंख, हातात चोरकंदील आणि डोक्याभोवती चमकीच्या कागदाचा सूर्य. सोंगाड्याला हाकलून चार वर्षं होतात न होतात तोच प्रोफेसरांनाच सोंग झालं.

पण गॉटशेडची माझी सर्वांत आवडती गोष्ट ही नाही. ती जर्मन महाकवी गटेच्या आत्मचरित्रात आहे. गटे तेव्हा लाइपझिगमध्ये शिकत होता, वय सोळा-सतरा. एका स्नेह्याबरोबर तो म्हाताऱ्या गॉटशेडला भेटायला गेला. नोकराने त्यांना एका मोठ्या खोलीत नेलं, काहीतरी खूण केली. थांबायला सांगतोय की आत जायला? हे समजले, आत जायला. आत गेले. त्याच क्षणी समोरच्या दारातून गॉटशेड आले. आडवा-उभा देह, अंगात हिरवा दमास्क रेशमाचा, लाल अस्तराचा झगा, आणि डोकं पूर्ण टक्कल, उघडं. तेवढ्यात बाजूच्या दारातून नोकर धावत आला, हातावर कोपरापर्यंत लोंबणारा भलाथोरला केसांचा टोप, चेहऱ्यावर घाबरगुंडी. गॉटशेडांनी जराही न चिडता डाव्या हाताने टोप उचलला, सफाईने डोक्यावर चढवला आणि उजव्या हाताने त्या गरिबाच्या अशी ठेवून दिली की तो, गटे लिहितो, प्रहसनात होतं तसा गिरकी घेत दाराबाहेर गेला. मग वयोवृद्ध पंडितांनी पाहुण्यांना मोठ्या गांभीर्याने बसायला सांगितलं आणि बराच वेळ, अतिशय सभ्यपणे, प्रवचन केलं.

हा प्रसंग मी आमच्या इलेक्ट्रिशियनला सांगितला. त्याने लगेच उठून तो करून दाखवला, एकट्याने, दोन्ही भूमिका. डावा हात, टोप, उजवा हात, थप्पड, गिरकी. मग थांबून म्हणाला, "हे ठरवून जमणार नाही. टोप आणि थप्पड एकाच श्वासात आली पाहिजेत." निसर्गात न सापडणारा हार्लेकिन गॉटशेडच्याच दिवाणखान्यात सापडला होता, आणि प्रोफेसरांना पत्ता नव्हता.

व्हिएन्नातली कथा जास्त कडू आहे. तिथे हान्सवुर्स्टला घडवलं योझेफ आंटोन श्ट्रानिट्स्कीने. हा माणूस परवाना असलेला दंतवैद्यही होता. त्याचा हान्सवुर्स्ट झाल्झबुर्गकडचा खेडूत, धंद्याने डुकरं खच्ची करणारा आणि कोबी चिरून देणारा. डोक्यावर टोकदार हिरवी टोपी, लाल अंगरखा, छातीवर निळं हृदय, कमरेला लाकडी फळी. केर्न्टनरटोर नाट्यगृहात तो राजेराण्यांच्या शोकांतिकांमध्ये घुसायचा. बऱ्याच संहिता इटालियन ऑपेरांवरून बेतलेल्या, म्हणजे वर सिंहासन, विष, कट, आणि खाली हा कोबीवाला. त्याच्या नावावर मांडलेली अशी चौदा हस्तलिखितं आजही आहेत. पण त्यांत आपल्याला हवं ते कसं असणार? त्याने पदरचं घातलं ते पदराबरोबर गेलं.

१७२५ च्या सुमाराची गोष्ट सांगतात. श्ट्रानिट्स्की थकला होता. त्याने प्रेक्षकांपुढे आपला वारस आणून उभा केला, गोटफ्रीड प्रेहाउझर. लोक गप्प. आवडत्या नटाच्या जागी नवा, कोण हसणार? प्रेहाउझर गुडघ्यांवर बसला, हात जोडले आणि म्हणाला, "मायबाप, देवाच्यान, माझ्याकडे बघून हसा हो!" लोक हसले. तो पुढे चाळीसेक वर्षं हसवत राहिला. या एका वाक्यावर मी कितीतरी वेळा विचार केलाय. हे त्याने ठरवून आणलं होतं की पाय लटपटले म्हणून निघालं? ठरवून आणलं असेल तर तो मोठा नट. निघालं असेल तर त्याहून मोठा.

१७५२ मध्ये महाराणी मारिया तेरेझाचा हुकूम निघाला. परदेशी नाटकं करा, हे इथले बेर्नार्डोनचे वगैरे खेळ बंद. बेर्नार्डोन म्हणजे योझेफ फेलिक्स फोन कुर्झ, त्या काळचा सर्वांत धुमाकूळ घालणारा विनोदी नट. जे थोडे बरे देशी खेळ चालू ठेवायचे ते आधी नीट वाचून बघायचे, त्यांत द्व्यर्थी आणि घाणेरडे शब्द नकोत.

घाणेरडे शब्द हे कारण सगळीकडे पुढे केलं जातं, आणि ते खोटंही नव्हतं. हान्सवुर्स्टचा अर्धा विनोद पोटाखालचा असायचा. पण "आधी वाचून बघायचे" यात खरी मेख आहे. न लिहिलेलं वाचून कसं बघणार? सेन्सॉरला कागद लागतो. नट संध्याकाळी सात वाजता काय बोलेल हे सकाळी दहाला कळलं पाहिजे, आणि पदरचं बोलणाऱ्या नटाला ते साडेसहालासुद्धा माहीत नसतं.

या लढाईतला शेवटचा सेनापती योझेफ फोन झोननफेल्स. राज्यकारभार आणि 'पोलिसशास्त्र' शिकवणारा प्राध्यापक, म्हणजे सुव्यवस्थेचं शास्त्र. १७६७ पासून त्याने पत्रांच्या रूपात व्हिएन्नाच्या रंगभूमीवर टीका लिहिली. हान्सवुर्स्टच्या बाजूच्या लोकांनी उलट त्याच्यावरच प्रहसन रचलं. १७६९ मध्ये प्रेहाउझर वारला, आणि १७७० मध्ये झोननफेल्स स्वतःच नाटकांचा सेन्सॉर झाला. त्या खुर्चीत तो फार दिवस टिकला नाही, पण पदरची वाक्यं व्हिएन्नाच्या मोठ्या रंगमंचावरून गेली. मला इथे खलनायक हवा होता, पण याच माणसाने ऑस्ट्रियातल्या कैद्यांचा छळ करून जबाब घेण्याच्या पद्धतीविरुद्ध लिहिलं, आणि १७७६ मध्ये ती पद्धत रद्द झाली. दोन्हीमागे एकच डोकं होतं. न्याय असो की विनोद, सगळं पुराव्यानिशी, कागदावर, नियमाने.

सोंगाड्या शहराच्या उपनगरांत निघून गेला. लेओपोल्डश्टाटच्या नाट्यगृहात तो कास्पर्ल झाला. १७९१ मध्ये पिसांचा पोशाख घालून, गळ्यात बासरी अडकवून, 'मला फक्त खायला, प्यायला आणि एक बायको द्या' म्हणत मोत्सार्टच्या ऑपेरातून परत आला. तेव्हा त्याला पापागेनो म्हणत, आणि ती भूमिका लिहिणाऱ्यानेच केली होती.

तर मग बचाव कोणी केला?

ओस्नाब्र्युकमधल्या एका वकिलाने. युस्टुस म्योझर, सरकारी कामात गळ्यापर्यंत बुडालेला माणूस. १७६१ मध्ये त्याने एक छोटं पुस्तक लिहिलं, त्यात हार्लेकिन स्वतः प्रथमपुरुषी उभा राहून आपली बाजू मांडतो. फार गोड पुस्तक आहे. हार्लेकिन म्हणतो, माझ्या जगाला तुमच्या शोकांतिकेच्या फूटपट्टीने का मोजता? व्यंगचित्राला आपली स्वतःची पूर्णता असते. दिवसभर राबलेल्या माणसाला हसण्याची गरज असते, तशीच जशी जेवणाची. लेसिंगचं नाव घेऊन तो असंही म्हणतो की या गृहस्थाला एवढी समज आहे की पुढे कधीतरी तो माझी स्तुती करेल. लेसिंगने केली.

माझी तक्रार एवढीच, की हा हार्लेकिन वकिलासारखा बोलतो. मुद्दे लावून, प्राचीन आधार देत. त्याच्या संपूर्ण भाषणात तो एकदाही अडखळत नाही, कोणाच्या पहिल्या रांगेतल्या आजींकडे वळत नाही. बचाव जिंकला, पण आरोपीला बोलू दिलं नाही.

ही तक्रार एकदा डोक्यात शिरली आणि मग मला ती सगळीकडे दिसायला लागली. गटेचंच बघा. तरुणपणी, १७७५ मध्ये, त्याने हान्सवुर्स्टच्या लग्नावर एक प्रहसन लिहायला घेतलं. वऱ्हाडी मंडळींची नावं अशी की आजही चारचौघांत मोठ्याने वाचवणार नाहीत. ते अर्धवट राहिलं. मग ४ ऑक्टोबर १७८६ ला तो व्हेनिसमधून लिहितो की काल सेंट ल्यूक नाट्यगृहात मुखवट्यांचं, ऐनवेळी रचलेलं नाटक पाहिलं, तीन तासांहून जास्त वेळ रमलो. आणि पुढे एक वाक्य आहे जे मी संहितेच्या पुठ्ठ्यावर आतून लिहून ठेवलंय: या सगळ्याचा पाया लोक आहेत, प्रेक्षकही त्यात खेळतात, आणि गर्दी व रंगमंच मिळून एकच होतं.

हाच गटे पुढे वायमारच्या नाट्यगृहाचा प्रमुख झाला. १८०३ मध्ये त्याने नटांना शिकवलेले नियम छापलेले आहेत. नटाने प्रेक्षकांकडे पाठ करू नये. रंगमंचावर रुमाल दिसता कामा नये, नाक शिंकरणं तर दूरच, आणि थुंकणं त्याहून दूर. कुठे व्हेनिसची ती गर्दी आणि कुठे हे रुमालाचं कलम! शेवटी १८१७ मध्ये वायमारच्या रंगमंचावर शिकवलेला कुत्रा आणायचं ठरलं आणि गटे त्या पदावरून गेला. कुत्रा म्हणजे पुन्हा तोच प्रश्न. तो काय करेल हे संहितेत नसतं.

तरी सोंगाड्या त्याच्यातून गेला नव्हता. त्याच्या 'फाउस्ट' नाटकाच्या सुरुवातीला मॅनेजर, कवी आणि एक 'गमत्या माणूस' नाटक कसं असावं यावर भांडतात. हा गमत्या म्हणजे हान्सवुर्स्टच, चांगले कपडे घालून आलेला. ही सुरुवात गटेला कालिदासाच्या शाकुंतलातल्या सूत्रधार-नटीच्या प्रवेशावरून सुचली असं मानतात. फॉर्स्टरने केलेला शाकुंतलाचा जर्मन अनुवाद १७९१ मध्ये आला होता. तिघांत सर्वांत शहाणं तो गमत्याच बोलतो, असं माझं मत.

तत्त्वज्ञ कान्टबद्दल दोनच ओळी, कारण तो मला इथे फार उपयोगी पडत नाही. ताणलेली अपेक्षा एकदम शून्यात विरते तेव्हा हसू येतं, असं तो १७९० मध्ये सांगतो, आणि उदाहरण देतो चक्क सुरतेचं. तिथे एका इंग्रजाच्या टेबलावर बिअरची बाटली फुटते, सगळी बिअर फेसाने उसळून बाहेर येते, आणि एक हिंदी माणूस तोंडात बोट घालतो. इंग्रज विचारतो, यात एवढं काय? तो म्हणतो, बाहेर आली याचं नवल नाही, तुम्ही ती आत कशी भरलीत याचं आहे. सुरत म्हटल्यावर मराठी माणसाला वेगळंच काहीतरी आठवतं, पण विनोद बरा आहे. आणि माझ्या विषयाला लागू आहे, कारण यानंतरच्या मंडळींनी नेमका तोच उद्योग केला. फेस परत बाटलीत भरायचा.

समीक्षक फ्रीडरिश श्लेगेलने १७९७ मध्ये लिहिलं की काही जुन्या आणि नव्या काव्यांत एक अतींद्रिय विदूषकी नांदत असते. आतून असं मन, जे सगळ्याच्या वर उठतं, स्वतःच्या कलेच्या आणि गुणांच्याही वर. बाहेरून मात्र एखाद्या साध्या, चांगल्या इटालियन बुफोच्या, म्हणजे विनोदी नटाच्या, हावभावांची तऱ्हा. जर्मन विचारात सोंगाड्याला इतका उंच पाट कोणी दिला नव्हता. 'व्यंगोक्ती' या अख्ख्या संकल्पनेचा नमुना त्याने त्या गल्लीतल्या नटात पाहिला, जो नाटक करता करता नाटकाबाहेर डोकावतो. हे वाचताना माझ्या अंगावर काटा आला होता. आमचा इलेक्ट्रिशियन पुढे येऊन वाकला तेव्हा त्याने नेमकं हेच केलं. एका पायाने तो व्हेनिसमधला नोकर होता, दुसऱ्या पायाने स्वतः.

आणि त्याच वर्षी लेखक लुडविग टीकने बूट घातलेल्या मांजराचं नाटक लिहिलं. त्यात प्रेक्षकच पात्रं आहेत. ते मधेच ओरडतात, पाय आपटतात, हे काय चाललंय म्हणतात. कवी घाबरून बाहेर येऊन गयावया करतो. हान्सवुर्स्टही आहे, दरबारात. चालू असलेल्या नाटकाची समीक्षा चालू नाटकात होते. वाचताना मी खोखो हसते. पण प्रॉम्प्टरच्या नजरेने बघितलं की दिसतं, प्रेक्षकांची प्रत्येक हाकाटी छापलेली आहे. पाय कुठे आपटायचे तेही छापलेलं. समजा खरोखर कोणी प्रेक्षक ओरडला तर? त्याला जागाच नाही, ती आधीच भरलीय. हे नाटक रंगमंचावर यायला १८४४ उजाडलं, राजाच्या इच्छेखातर, बर्लिनमध्ये, आणि ते चाललं नाही.

कथाकार होफमानने १८२० मध्ये वाढदिवसाला भेट मिळालेल्या, काल्लो या फ्रेंच चित्रकाराच्या चित्रांवरून रोमच्या कार्निव्हलची एक अफलातून कथा रचली, त्यात एक भुक्कड शोकांत नट शेवटी चांगला विनोदी नट होतो. चित्रं दोनशे वर्षं जुनी, नाचणारे मुखवटे त्याहून जुने. तोवर जर्मनीत त्या नटांना काम देणारं कोण उरलं होतं? तत्त्वज्ञ नीत्शे तर शतकाच्या शेवटी म्हणालाच, मला संत व्हायचं नाही, त्यापेक्षा हान्सवुर्स्ट बरा, आणि कदाचित मी हान्सवुर्स्टच आहे. तेव्हा हा शब्द टाकून बोलायला कोणाची परवानगी लागत नव्हती.

माझं एवढंच म्हणणं आहे की जर्मन विचारवंतांनी या नटावर खरं प्रेम केलं, पण तो गेल्यावर. तो समोर मांडवात उभा होता तेव्हा त्याला पांढरे कपडे घातले. हे मी मोठ्या तोऱ्यात दिग्दर्शिकाबाईंना ऐकवलं, पहिल्या प्रयोगानंतर, बिअर पिताना. त्या म्हणाल्या, "बरोबर आहे. म्हणून ते पावाचं आपण ठेवू या. लिहून घे."

गंमत म्हणजे गोल्दोनीनेही हेच केलं होतं. १७४५ मध्ये पिसात वकिली करत असताना त्याने हे नाटक साक्की नावाच्या नटासाठी लिहिलं तेव्हा बराचसा नुसता आराखडा होता. पुढे दुसऱ्या नटांनी त्यात काय काय भर घातली ते बघून त्याचं डोकं फिरलं आणि १७५३ च्या छापील आवृत्तीत त्याने सगळे संवाद लिहून काढले. वर विनंती केली, त्रुफाल्दिनो करणाऱ्यांनी पदरचं काही घालायचंच असेल तर घाणेरडं घालू नये. माझ्या मांडीवरची संहिता ही कोण्या काळच्या ॲडिशन्सची राखच होती, मी तिच्यावर बोट ठेवून बसत होते.

तर मी लिहून घेतलं. समासात, पेन्सिलीने. 'पाव आपटतो. पुढे येतो. बाईसाहेब, तुमचे दात तुमचेच दिसताहेत.' दुसऱ्या प्रयोगाला पाव मुद्दाम दोन दिवस आधी आणून उघडा ठेवला होता. पहिल्या रांगेत एक मध्यमवयीन गृहस्थ होते, "बाईसाहेब"चं "साहेब" करावं लागलं. ते लाजले, पाव त्यांनी घेतलाच नाही. इलेक्ट्रिशियनने कसंबसं निभावून नेलं. लोक हसले, थोडे.

तिसऱ्या प्रयोगाला बाईंनी आपल्या ओळखीच्या एका काकूंना पहिल्या रांगेत बसवलं आणि त्यांना वाक्य पाठ करायला दिलं. काकूंनी ते चांगलं पाठ केलं होतं. इतकं चांगलं की इलेक्ट्रिशियनचं बोलून व्हायच्या आतच त्या म्हणाल्या, "माझे नाहीत. पण चांगले आहेत." तो हातात पाव घेऊन उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी विंगेतून स्वच्छ पाहिलं. त्याने पहिल्यांदाच माझ्याकडे वळून पाहिलं, पुढचं वाक्य मागायला.

माझं बोट समासातल्या पेन्सिलीच्या ओळीवर होतं. पुढे काहीच लिहिलेलं नव्हतं. मी कुजबुजले, मराठीत, का ते मला माहीत नाही, "घाल काहीतरी पदरचं."

त्याला अर्थातच कळलं नाही. त्याने कानामागे हात नेला, विंगेकडे वाकला आणि मोठ्याने, साऱ्या प्रेक्षागृहाला ऐकू जाईल असं विचारलं, "काय?"

हशा झाला. मागच्या रांगांतून, उशिरा, पण झाला. मी खोडरबर शोधत होते.